मेंडोझाची रेघ



थोर खेळाडूंची चरित्रे आपण नेहमीच ऐकतो. आज आम्ही कमीपणामुळे गाजलेल्या एका खेळाडूची हकीकत सांगणार आहो. मारिओ मेंडोझा हे त्याचे नाव. मेक्सिकोत चिवावा येथे १९५० साली जन्मलेला हा गडी अमेरिकेतील वरिष्ठ बेसबॉल १९७४ ते १९८२ या काळात तीन संघांकडून खेळला: प्रथम पिट्सबर्ग, मग सिएटल, शेवटी टेक्सास. त्याची जागा शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधली. जमिनीलगतचे जोरकस फटके तेथे सतत येत असतात.

बेसबॉलमध्ये फलंदाजाची किंमत एका आकड्यात सांगतात. हिशेबात धरलेल्या हजार संधींमागे यशस्वी फटके किती, तो हा आकडा. तीनशेवाला चांगला समजावा. सिएटलकडून १९७९ मध्ये मेंडोझाचा आकडा भरला १९८. सहकाऱ्यांनी थट्टेने दोनशेच्या मर्यादेला 'मेंडोझाची रेघ' म्हटले. नामांकित फलंदाज जॉर्ज ब्रेट याने ती थट्टा उचलली आणि ती सर्वतोमुखी झाली.

परंतु ज्याला पाच संधींत एक फटकाही धड साधत नाही, त्याला संघाने त्या वर्षी १६२ पैकी १४८ सामन्यांत उतरविले कशासाठी? उत्तर त्याच्या हातांत आहे. 'रेशमी हातांचा' असे त्याला स्पॅनिशमध्ये म्हणत. त्याने अडविलेला चेंडू म्हणजे प्रतिपक्षाची न झालेली धाव; पण तिची जमा फलंदाजीच्या खात्यात कशी व्हावी?

आणखी एक गंमत पाहा. सबंध कारकिर्दीत १,३३७ संधींत त्याने २८७ यशस्वी फटके मारले, आकडा २१५. म्हणजे ज्या रेघेला त्याचे नाव, तिच्या वरच तो उभा आहे! एका वर्षाचा आकडा कपाळी चिकटला आणि नऊ वर्षांचा विस्मरणात गेला. मेक्सिकोने मात्र २००० साली आपल्या बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याला मानाचे स्थान दिले.

मोजमापच नको, असे आमचे म्हणणे नाही. हे परीक्षांच्या निकालांचे दिवस आहेत. घरोघरी आकडे विचारले जातील. ते जरूर विचारावेत. मात्र तो आकडा कशाकशाचा हिशेब देतो आणि कशाचा देत नाही, हेही विचारावे, एवढीच आमची विनंती.