लाजेचे दुखणे अंगावर काढू नका

(प्रौढ साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज मी एका अवघड विषयावर बोलणार आहे. खोकला आला, शिंक आली, हंडा उचलला की काही बायांना लघवीचे थेंब जातात. काहींना घाई इतकी होते की दारापर्यंत पोचता येत नाही. हे दुखणे पुष्कळ घरांत असते. पण बोलत कोणी नाही.

तुम्ही म्हणाल, गुरुजींनी हा विषय का काढला? ऐका तर.

माझी थोरली बहीण आमच्याकडेच असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिची पाच बाळंतपणे झाली. जन्मभर डोक्यावर पाणी वाहिले. पुढे पुढे ती कीर्तनाला जाईना. एस.टी.त बसेना. सख्ख्या नातवाचे लग्न, तरी म्हणाली, "मला नको. तुम्ही जा." मी रागावलो. "इतका कसला हट्ट?" असे चारचौघांत बोललो. ती गप्प राहिली.

मग एकदा तिला थंडी वाजून ताप आला. लघवीला आग होऊ लागली. तेव्हा तिने माझ्या पत्नीला खरे सांगितले. लुगडे भिजते, वास येईल, म्हणून ती लग्नाला आली नव्हती. लघवी होऊ नये म्हणून पाणीही पीत नव्हती. हे सारे पंधरा वर्षे चालले होते. मी मुलांना शरीरशास्त्र शिकवले, पण घरातले दुखणे मला दिसले नाही.

आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, साखर तपासली, आतून तपासणी केली. मग सगळे समजावून सांगितले. तेच आज तुम्हाला सांगतो.

लघवीची पिशवी ओटीपोटात असते. तिच्या खाली स्नायूंची एक झोळी असते. ही झोळी पिशवीला उचलून धरते आणि लघवीची वाट आवळून ठेवते. बाळंतपणात झोळी ताणते. पाळी गेल्यावर आणखी सैल पडते. जुना खोकला, बद्धकोष्ठ, अंगाचा लठ्ठपणा, जड ओझी यांनीही तिच्यावर ताण पडतो. मग खोकताना थेंब जातात. हा झाला एक प्रकार.

दुसऱ्या प्रकारात पिशवी भरलेली नसतानाच आवळते. मग एकाएकी घाई होते. काही बायांना दोन्ही त्रास असतात.

पहिला उपाय व्यायामाचा. त्याला पैसा लागत नाही. अमेरिकेतील डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या व्यायामावर लेख लिहिला. आजही डॉक्टर आधी हाच उपाय सांगतात. तो असा :

लघवी आणि वारा दोन्ही रोखून धरायचे आहेत, असे समजून खालची वाट आत वर ओढा. पोट, मांड्या, ढुंगण आवळू नका. श्वास रोखू नका. जमेल तितके आकडे मोजा. आधी तीन, मग पाच, पुढे दहापर्यंत. मग तितकाच वेळ सैल सोडा. असे आठ-दहा वेळा करा. दिवसातून तीनदा करा. निजून, बसून, भाकरी थापताना, कसेही करता येते. कोणाला कळतही नाही. मात्र लघवी करता करता हा व्यायाम करू नका. खोकला किंवा शिंक येणार असे वाटले की आधी आवळा.

निदान तीन महिने नेम सोडू नका. आठ दिवसांत गुण येत नाही.

घाईचा त्रास असेल तर पिशवीला वळण लावावे लागते. घाई झाली की लगेच धावू नका. आवळून पाच मिनिटे थांबा. पुढच्या आठवड्यात दहा मिनिटे. असे हळूहळू अंतर वाढवा. चहा कमी करा. पाणी मात्र तोडू नका. पाणी कमी प्यायले की लघवी कडक होते, आग होते आणि घाई वाढते.

घाईवर गोळ्याही आहेत. त्यांनी काहींचे तोंड कोरडे पडते, शौचास कडक होते. म्हणून त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची एक कडी मिळते.

एवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया आहे. पण सही किंवा अंगठा देण्याआधी विचारा. शस्त्रक्रिया कोणती? फायदा किती? धोका काय? पुढे मूल हवे असेल तर काय? लघवीच्या वाटेखाली जाळीची पट्टी बसवतात. अशा जाळीने काही बायांना फार वेदना झाल्या, म्हणून इंग्लंडात २०१८ साली तिचा वापर थांबवला गेला. स्वतःच्या शरीरातली पट्टी घेऊनही हे काम करता येते. तेही विचारा.

आणखी एक. आपल्याकडे "पिशवी" म्हटले की घोटाळा होतो. लघवीची पिशवी वेगळी, गर्भाची पिशवी वेगळी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या अनेक बायांची गर्भपिशवी काढल्याचे २०१९ साली उघड झाले. सरकारने चौकशी समिती नेमली. लक्षात ठेवा, लघवी गळते यावर गर्भपिशवी काढणे हा उपाय नव्हे. कोणी तसे सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

काही वेळा मात्र थांबू नका. लघवीत रक्त दिसले, ताप आला, लघवी अडली, पाय एकाएकी लुळे पडले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस धार लागली असेल, तर आत भोक पडलेले असू शकते. ते व्यायामाने बुजत नाही. पण शस्त्रक्रियेने बरे होऊ शकते. त्या बाईला शापित म्हणू नका. तिला मोठ्या रुग्णालयात न्या.

आता पुरुष मंडळींना सांगतो. घरातली बाई प्रवास टाळते, पाणी पीत नाही, रात्री सारखी उठते, तर रागावू नका. मी रागावलो होतो, त्याची मला लाज वाटते. तिला घेऊन दवाखान्यात जा. घरात संडास नसेल तर आधी बांधा.

आक्का आता पूर्ण बरी आहे असे मी म्हणणार नाही. जोराची शिंक आली तर अजून कधी थेंब जातो. पण ती पाणी पिते, कीर्तनाला जाते. गेल्या वर्षी नातवाच्या मुलाच्या बारशाला एस.टी.ने एकटी गेली.

हे भाषण करण्याआधी मी तिला विचारले, "आक्का, तुझी गोष्ट सांगू का?"

ती म्हणाली, "सांग की. मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझी पंधरा वर्षं वाचली असती."

भगिनींनो, तुमची वर्षे वाया घालवू नका. लाज वाटत असेल तर आशाताईच्या कानात सांगा. पण सांगा.