खाणकामगाराच्या लेकीचं गाणं

आज आम्ही एका परमुलखातल्या गाणाऱ्या बाईची आठवण सांगणार आहोत. लोरेटा लिन तिचं नाव. अमेरिकेत 'कंट्री' नावाचा गाण्याचा एक प्रकार आहे. खेड्यापाड्यांतल्या कष्टकरी माणसांचं, त्यांच्या संसाराचं गाणं. त्या गाण्यात बायकांच्या मनातलं उघडपणे सांगणारी ही बाई. २०२२ च्या ऑक्टोबरात, नव्वदाव्या वर्षी ती गेली.

तिचा जन्म १९३२ चा. केंटकी राज्यातल्या डोंगराळ कोळसापट्ट्यात, दरीतल्या एका छोट्या वस्तीत. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. आठ भावंडांत ही दुसरी. घरात वीज नव्हती, पण बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. शनिवारी रात्री त्यावर नॅशव्हिल शहरातला 'ग्रँड ओल ऑप्री' हा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. १९२५ साली सुरू झालेला हा कार्यक्रम आजही चालू आहे.

शहरातलं गाणं इतक्या लांब डोंगरात कसं पोचायचं? ते केंद्र मध्यम लहरींवर चालायचं आणि त्याची ताकद होती ५०,००० वॅट. रात्री या लहरी आकाशातल्या वरच्या थरावरून परत खाली येतात आणि फार लांब जातात. आपल्याकडच्या जुन्या माणसांनाही आठवत असेल, रात्री रेडिओवर लांबलांबची स्टेशनं लागायची. आपल्यासारख्या सामुदायिक केंद्राला साधारण १०० वॅटची परवानगी असते. यावरून त्या केंद्राचा अंदाज करा.

लोरेटाचं लग्न झालं पंधराव्या वर्षी. नवऱ्याबरोबर ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात गेली. माहेर हजारो मैल मागे राहिलं. पंचविशीच्या आत चार मुलं झाली, पुढे जुळ्या मुली. नवरा पिणारा होता, त्यांची भांडणं व्हायची. हे तिने स्वतःच लिहून ठेवलंय. पण घरकाम करताना गुणगुणणाऱ्या बायकोचा आवाज चांगला आहे हे ओळखून तिला गिटार आणून दिली तीही त्यानेच. ती वाजवायला ती आपली आपण शिकली. माणसं अशी एकरंगी नसतात, आणि तिच्या गाण्यातही ती एकरंगी नाहीत.

१९६० साली तिची पहिली रेकॉर्ड निघाली. कंपनी लहान, जाहिरातीला पैसा नाही. मग नवराबायको गाडीत रेकॉर्डी घालून निघाले. वाटेत रेडिओ केंद्र दिसलं की थांबायचं, आत जायचं, गाणी लावणाऱ्याला सांगायचं, "एवढं एकदा लावून बघा." गाडीतच झोपायचं. असं करत करत ते गाणं देशाच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं. आणि त्याच वर्षी ती 'ग्रँड ओल ऑप्री'च्या मंचावर उभी राहिली. लहानपणी ज्या कार्यक्रमाला कान लावून बसायची, त्याच कार्यक्रमात.

मैत्रिणींनो, पुढचं नीट ऐका. ती गायली कशावर? दारू पिऊन रात्री घरी येणाऱ्या नवऱ्याला बजावणारं गाणं तिने लिहिलं, आणि १९६७ साली ते कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. घटस्फोट झालेल्या बाईकडे लोक कुठल्या नजरेने बघतात, यावर ती गायली. १९७२ साली देशातल्या कंट्री संगीताच्या संघटनेने वर्षातल्या सर्वोत्तम कलावंताचा मान तिला दिला. तो मान मिळवणारी ती पहिली बाई.

१९७५ साली तिचं 'द पिल' हे गाणं आलं. पाठोपाठच्या बाळंतपणांनी थकलेली बाई पाळणा लांबवण्याची गोळी घेते आणि नवऱ्याला सांगते की आता माझंही चालेल, असा त्याचा विषय. अनेक रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. ज्या रेडिओने तिला मोठं केलं, त्याच रेडिओने या गाण्याला दार लावलं. तरीही बायांनी रेकॉर्ड विकत घेतली आणि गाणं कंट्री यादीत पाचव्या क्रमांकावर पोचलं. पुढे तिने मुलाखतीत सांगितलं की, खेड्यातले डॉक्टर तिला म्हणायचे, गोळीची माहिती आमच्यापेक्षा तुमच्या गाण्यानेच जास्त पोचवली.

आपल्या आज्या-पणज्यांनी हेच सगळं जात्यावर गायलं. सासुरवास, दारू, बाळंतपण, माहेरची ओढ, ओवीत काय नव्हतं? पण ते जात्यापाशी राहिलं, कारण ऐकायला भोवती बायाच होत्या. लोरेटाचं गाणं हवेवर गेलं, आणि हवेवर काय जायचं हे ठरवणारा केंद्रात बसलेला होता. त्याने बटण दाबलं तर गाणं घराघरांत, नाही दाबलं तर नाही.

आपल्या केंद्रात ते बटण आपल्याच हाताशी आहे. म्हणून आमचं एक मागणं आहे. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेब झाला की थोडा वेळ काढा. फक्त बायांतच म्हटलं जातं, बाहेर म्हणायला जीभ अडते, असं एखादं गाणं तुमच्या गावात आहे का, एकमेकींना विचारा. जुनं असू दे, कालच जुळवलेलं असू दे. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि केंद्रावर आणून द्या. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, आम्ही विचारणार नाही. मात्र गाणं हवेवर जायच्या आधी गाणारीची परवानगी आम्ही नक्की घेऊ.