उसना टप्पा आणि स्वतःचा पत्ता


इंटरनेटवर प्रत्येक यंत्रास पत्ता लागतो. जुन्या आयपीव्ही-४ पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा २०११ मध्ये संपला. नव्या आयपीव्ही-६ मध्ये पत्ते विपुल आहेत, परंतु दोन्ही पद्धतींत थेट संवाद होत नाही. म्हणून संक्रमणकाळात काही सेवादात्यांनी, डाकेच्या टप्प्यांप्रमाणे, सर्वांसाठी सामाईक केंद्रे चालविली. जुन्या लिफाफ्यात घातलेला नवा संदेश तेथे उघडून नव्या जाळ्यात धाडला जाई. हा सहकार स्तुत्य होता. मात्र केंद्र कोणाचे, बिघडल्यास दाद कोणाकडे मागावी, हे ग्राहकास कळत नसे. २०१५ मध्ये ही सामाईक पत्त्याची व्यवस्था कालबाह्य ठरविण्यात आली. यास्तव जोडणी घेताना आयपीव्ही-६ थेट मिळते काय, हे आवर्जून विचारावे. उसना टप्पा वाटेपुरता. घराला स्वतःचा पत्ताच हवा.