भावंडांचे छायाचित्र
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



'मुलांच्या संगोपनाविषयी चार शब्द बोला' अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आहार, अभ्यास आणि शिस्त हे नेहमीचे विषय बाजूस ठेवून आम्ही एक लहानसा वाटणारा विषय निवडला. तो म्हणजे लहान भावंडांचे एकत्र छायाचित्र. आम्ही छायाचित्रकार नव्हे. आयुष्य खडू-फळ्याच्या सहवासात गेले, पण त्या निमित्ताने मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहण्याची सवय मात्र जडली. त्याच अधिकाराने आम्ही आज आपणांपुढे उभे आहोत.

आपल्या घरातील जुन्या तसबिरी आठवून पाहा. त्यांत मुले हसताना सहसा दिसत नाहीत. ती ताठ उभी असतात, डोळे वटारलेले असतात आणि हात कुर्सीच्या दांडीवर घट्ट असतात. हा केवळ त्या काळच्या धाकाचा परिणाम नव्हे. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्राची कृती जगापुढे आली, तेव्हा चित्र काचेतून पत्र्यावर उतरण्यास काही मिनिटे लागत. पुढे हा अवधी सेकंदांवर आला. तरीही मोठ्या माणसाची मान मागून लोखंडी आकड्यात टेकवून ठेवावी लागे. तान्ह्या मुलास आकडा लावणार कोठे? मग विलायतेतील स्टुडिओंत आईने अंगावरून जाड कापड ओढून स्वतःच आसन बनावे आणि मुलाला मांडीवर स्थिर धरावे, अशी युक्ती निघाली. त्या चित्रांत मूल स्पष्ट दिसते आणि आई मात्र कापडाखाली नाहीशी झालेली असते. मातृत्वाचे याहून बोलके चित्र आम्हांस ठाऊक नाही. १८७१ साली मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली, तीत पुढे सुधारणा होत गेल्या आणि क्षण पकडणे शक्य झाले. मूल मोकळे झाले ते तेव्हापासून.

आपल्याकडेही ही कला लवकर आली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार होते. तथापि सामान्य जनांच्या मनातील भीती लवकर गेली नाही. फोटो काढल्याने अंगातील शक्ती ओढली जाते व आयुष्य घटते, असा समज होता. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्राचा धंदा करीत असता दादासाहेब फाळके यांनाही या समजाचा उपद्रव झाला. त्याच फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये आपला पुत्र भालचंद्र यास रोहिदासाची भूमिका दिली आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कन्या मंदाकिनीला बाळकृष्ण केले. त्या चित्रपटाच्या आरंभी ही चिमुरडी नुसत्या मुद्रेने निरनिराळे भाव दाखविते. मुलाचा चेहरा हाच एक रंगमंच आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आता आजच्या स्टुडिओकडे वळू. रंगविलेला पडदा, लाकडी मोटार, पुठ्ठ्याची चंद्रकोर हे सारे मागे पडले. त्या जागी वेताची टोपली, छोटा तंबू, पुस्तकांचा ढीग, पिसांचे पंख आले. पंखांची हौस नवी नव्हे. कलकत्त्यास जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कॅमेरा हाती घेतला आणि शेजारपाजारच्या मुलांना पंख लावून देवदूत केले. पण त्यांच्या चित्रांत लक्ष राहते ते पंखांवर नव्हे, मुलांच्या डोळ्यांवर. कल्पकतेची आमची कसोटी हीच आहे. सजावट झाकून पाहा. उरलेल्या भागात दोन भावंडे एकमेकांची आहेत असे दिसले, तर चित्र साधले.

हे साधावे कसे? जाणत्या कारागिरांस काम करताना पाहून व त्यांना विचारून जे कळले ते सांगतो. वेळ मुलांची झोप व खाणे झाल्यानंतरची घ्यावी आणि काम अर्ध्या तासात आटोपावे. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. वरून काढलेल्या चित्रात मूल आहे त्याहून बापुडे दिसते. डोकी एका रेषेत येऊ देऊ नयेत. थोरल्यास चौरंगावर व धाकट्यास पाटावर बसवावे, म्हणजे नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर सहज उतरते. मात्र दोन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असावेत, नाहीतर एक स्वच्छ व दुसरा पुसट येतो. प्रकाश एका बाजूने, मोठ्या खिडकीतून आल्यासारखा मऊ असावा. मुले क्षणभरही स्थिर नसतात. म्हणून सेकंदाच्या अडीचशेव्या भागात चित्र घेणे बरे.

याहून महत्त्वाचे म्हणजे 'हस' असे मुलास सांगू नये. त्याला काही काम द्यावे. 'ताई, याच्या कानात एक गुपित सांग' किंवा 'दादा, बाळाच्या पायाची बोटे मोज बरे', एवढे म्हटले की पुरे. गुपित सांगताना सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा चेहरा जो होतो, तो शिकवून येत नाही.

एक इशारा मात्र कळकळीने द्यावासा वाटतो. नवजात बालकाला टोपलीत, झोळीत किंवा हनुवटी तळहातांवर टेकवून झोपविलेले जे फोटो आपण पाहता, ते पुष्कळदा एका क्षणाचे नसतात. एका चित्रात मदतनीस बाळाचे डोके धरून असतो, दुसऱ्यात हात धरून असतो आणि मग ती दोन चित्रे जोडून मदतनिसाचा हात पुसला जातो. हे न जाणता घरी तसा प्रयोग करणे म्हणजे बालकाच्या जिवाशी खेळ होय. तसेच उभ्या असलेल्या चार वर्षांच्या भावाच्या हाती तान्हे मूल कधीही देऊ नये. दोघांस जमिनीवरील गादीवर शेजारी निजवावे व वरून चित्र घ्यावे. आणि आईचा हात वीतभर अंतरावर असावा. तो चित्रात आला तरी काय बिघडले? विलायतेतील आईला कापडाखाली जावे लागले होते. आपल्या आईचा हात खुशाल दिसू द्या.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला, त्याकडे येतो. छायाचित्रात कोण कोठे उभे राहते, हे कॅमेरा ठरवीत नाही. ते घर ठरविते. मुलगा मध्यभागी खुर्चीवर आणि त्याच्याहून मोठ्या दोन बहिणी मागे उभ्या, अशी चित्रे आपल्यापैकी कितीतरी घरांत आहेत. जिच्या कडेवर धाकटे मूल दिले जाते, तीच मुलगी घरीही ते कडेवर घेऊन असते. धाकट्या भावंडाला वर्गात शेजारी बसवून धडे गिरविणाऱ्या आणि पुढे एके दिवशी शाळेत येईनाशा झालेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या त्या ओझ्याला चित्रात 'गोड' म्हणणे आम्हांस जड जाते. तिला एकदा मोकळ्या हातांनी बसवा. पुस्तक तिच्या हाती द्या आणि भावाला ते ऐकू द्या.

तसेच फोटोच्या दिवशी पायाने अधू किंवा मंद बुद्धीचे लेकरू शेजारी ठेवून बाकीची भावंडे स्टुडिओत नेली जातात. सावळ्या मुलीचा रंग यंत्रावर उजळ करवून घेतला जातो. सांगणारे आई-वडील निष्ठुर नसतात. लोक काय म्हणतील ही धास्ती त्यांच्याकडून हे करविते. परंतु मूल मोठे होऊन ते चित्र पाहते, तेव्हा आपण त्यात नाही, किंवा आहोत ते आपण नव्हेच, हे त्याला कळते. त्याच्या हाती त्यावर उत्तर नसते. बंधुभगिनींनो, घरातील एकही मूल वगळून काढलेल्या चित्राला भावंडांचे चित्र म्हणू नये.

शेवटी जतनाविषयी. निकोलस निक्सन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७५ साली आपली पत्नी व तिच्या तीन बहिणी यांचे एक चित्र घेतले, आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षे दर वर्षी त्याच क्रमाने उभे करून त्यांचे चित्र घेतले. ना सजावट, ना पंख. केवळ काळ आणि बहिणींचे नाते. हे कोणत्याही घरास परवडणारे आहे. दर भाऊबीजेस एकाच भिंतीपाशी, एकाच क्रमाने भावंडांचे एक चित्र घ्यावे. ते फोनमध्ये न ठेवता कागदावर छापून घ्यावे व मागे मऊ पेन्सिलीने नावे, वय, गाव व तारीख लिहावी. नाव नसलेली तसबीर दोन पिढ्यांत परकी होते. स्टुडिओवाल्याने आपल्या मुलांचे चित्र जाहिरातीत वापरण्यापूर्वी आपली संमती घ्यावी, हेही आधीच ठरवून घ्यावे.

मंडळास आमची एक सूचना आहे. पुढील संमेलनात एक खोली, एक मोठी खिडकी व एक चौरंग एवढी सोय करून प्रत्येक कुटुंबातील सर्व भावंडांचे एक चित्र विनामूल्य घ्यावे. अट एकच : कोणी मागे राहिलेले नसावे. त्या दिवशी रांग लांबली तरी आम्ही मुलांना गोष्टी सांगण्याचे काम आनंदाने पत्करू.