बंगळुरूचे जाळे आणि खेड्यातील मनोरा

बंगळुरूमध्ये फोर-जी सेवा मे २०१२ मध्ये आली. कोलकात्यानंतर हा मान मिळवणारे ते देशातील दुसरे शहर. ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी सुरू झाले, तेव्हाही पहिल्या काही शहरांत बंगळुरू होतेच. परंतु याच शहरातील तेजस नेटवर्क्सची रेडिओ उपकरणे वापरून उभारलेले भारत संचार निगमचे स्वदेशी फोर-जी जाळे राष्ट्राला अर्पण झाले, ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या काळात निगमचे ग्राहक जुन्याच सेवेवर राहिले व अनेकांनी खासगी कंपन्यांची वाट धरली. स्वावलंबनाची ही किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

विलंबाचे एक कारण तंत्रात आहे. जाळ्याचा गाभा सी-डॉटचा, रेडिओ तेजसचे आणि जुळणी टीसीएसची. प्रयोगशाळेत एक मनोरा चालवणे निराळे. धावत्या गाडीतील प्रवाशाचे संभाषण न तुटता एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपवणे, तेही सुमारे एक लाख ठिकाणी, हे निराळे.

दुसरा प्रश्न निखळ अर्थशास्त्राचा. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात, भिंतीही भेदतात. ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा माहिती अधिक वाहतो, पण त्याचा पल्ला तोकडा. त्यामुळे मनोरे दाट लागतात. बंगळुरूच्या गर्दीत तो खर्च असंख्य ग्राहकांत वाटला जातो. विरळ वस्तीत मनोरा, बॅटरी, डिझेल यांचा खर्च फारसा घटत नाही. ग्राहक मात्र मूठभर. गावासाठी उपयुक्त असा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ व २०२१ च्या लिलावांत चढ्या राखीव किमतीमुळे पडून राहिला, ही धोरणाची चूकच म्हणावी लागेल. सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी जुलै २०२२ मध्ये केंद्राला २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर करावी लागली, ती बाजार तेथे आपणहून जात नाही म्हणूनच.

परिस्थिती ओळखून केलेल्या आराखड्याचे उदाहरण सीमाभागातच आहे. जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सी-डॉटचे १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित टेलिफोन केंद्र सुरू झाले. धूळ व उष्मा गृहीत धरूनच ते रचले होते. वातानुकूलनाची गरज नव्हती. आजच्या मनोऱ्याची अडचण मात्र वेगळी आहे. निगमची उपकरणे फाइव्ह-जीसाठी अद्ययावत करता येतील असे सांगितले जाते. पण मनोऱ्यापर्यंत ऑप्टिकल फायबर पोहोचलेले नसेल, तर त्या बदलाचा वेग खेड्यातील ग्राहकाच्या हाती क्वचितच पडतो.