संपादक मंडळातली उतरंड



विद्यार्थी नियतकालिकाचं नेतृत्व कसं करावं, यावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत. नेतृत्व म्हटलं की मला आधी खुर्ची दिसते, आणि खुर्ची दिसली की माझीच मला लाज वाटते. तेव्हा उपदेश नको. संपादक असताना मी माती कशी खाल्ली, तेवढं सांगतो.

१९७९ साल. मुंबईतलं एक वसतिगृह. आम्ही नऊ जण. अंक म्हणजे काय, तर सायक्लोस्टाइलची आठ पानं. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची, स्टेन्सिल कापायची, चुकलं की फ्लुइड लावायचं, फुंकर मारून वाळवायचं आणि पुन्हा टाइप करायचं. मग रात्रभर हँडल फिरवायचं. सकाळी हात कोपरापर्यंत काळे. किंमत पंचवीस पैसे.

मी संपादक. का? तर मला वक्तृत्वाची बक्षिसं होती आणि माझं मराठी 'शुद्ध' होतं. माझ्यासारखेच आणखी दोघे लिहायचे. झोपडपट्टीतून येणारे तिघे अंक विकायचे. दोन मुली पत्ते लिहायच्या आणि, न सांगता, चहाचे कपही विसळायच्या. मशीन एकटा ओढायचा मराठवाड्यातून आलेला एक पोरगा. अग्रलेख वर्णव्यवस्थेवर, आणि खोलीत पाहावं तर चारी वर्ण आपापल्या जागी बसलेले! आम्हाला ते दिसत नव्हतं. दिसणार कसं? मी वरच्या पायरीवर होतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हा मशीनवाला पोरगा दीड पान लिहून घेऊन आला. त्याच्या गावच्या हापशाची हकिकत. हापशाला आमच्या बायांनी हात लावायचा नाही. दुसरी कुणी बाई येईल, ती हापसील, वरनं घालील, तवा घागर भरायची. कधी तासभर, कधी दुपारपातूर उन्हात बसून राहायचं. सगळं त्याच्या बोलीत, जसं घडतं तसं.

मी ते वाचलं आणि मला ते मिळमिळीत वाटलं. मी लेखणी उचलली. त्या दीड पानाचा मी एक जळजळीत परिच्छेद केला. त्यातलं शेवटचं वाक्य असं की, या गावात दलितांना पाण्याचा थेंबही मिळत नाही. गावाचं नाव टाकलं. त्याला दाखवलं नाही. त्यानेच ते पान छापलं, पण रात्री दोन वाजता हँडल फिरवणारा माणूस पान वाचत नसतो.

अंक गावात पोचला. गावच्या पुढाऱ्यांनी तालुक्याच्या साहेबाला वस्तीत आणलं. घरोघर भरलेल्या घागरी दाखवल्या. 'बघा, पाणी हाय का नाही? पेपर खोटा!' पंचनामा झाला : तक्रारीत तथ्य नाही. त्या पोराच्या बापाला चावडीवर मान खाली घालून उभं राहावं लागलं. खरी हकिकत माझ्या एका दणकेबाज वाक्यानं खोटी ठरली.

पोरगा भांडला नाही. एवढंच म्हणाला, ''दादा, मी खरं लिहिलं व्हतं. तुमी चांगलं लिहिलं.''

दुसऱ्या दिवसापासून तो मशीनकडे फिरकला नाही. पुढचा अंक बंद. कारण मशीन दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं. स्वतःला अंकाचा बाप समजणाऱ्या मला शाई कुठून भरतात तेही ठाऊक नव्हतं!

बैठक घेतली. पत्ते लिहिणाऱ्या मुलींपैकी एकीनं विचारलं, ''त्याला दाखवलं का नाही?'' मी म्हणालो, ''वेळ नव्हता.'' ती म्हणाली, ''दोनदा चहा प्यायला होता.'' यावर मला उत्तर नव्हतं. आजही नाही.

आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. त्यानं अट घातली : माझा मजकूर माझ्या बोलीत, पहिल्या पानावर, आणि चूक तुमच्या नावानं. तसं छापलं. पंचनामा काही बदलला नाही. बापाची खाली गेलेली मान मला वर करता आली नाही. पण अंक पुन्हा निघाला, आणि आम्ही काही नियम केले.

पहिला : बातमी आणेल त्यानं शेवटचा मजकूर पाहिल्याशिवाय स्टेन्सिल कापायची नाही. संपादकानं कापावं, समासात प्रश्न विचारावेत. घटना बदलू नये. दुसरा : लिहिणं, टाइप, मशीन, विक्री, चहा, सगळी कामं पाळीपाळीनं. तिसरा : बैठकीत सगळ्यात नवा माणूस आधी बोलेल, संपादक शेवटी. चौथा : पैशाचा हिशेब मोठ्यानं वाचायचा. पाचवा : संपादक सहा महिन्यांचा, आणि उतरण्याआधी त्यानं पुढचा तयार करायचा.

हे गोड गोड झालं असं समजू नका. दोन अंक उशिरा निघाले. ऱ्हस्वदीर्घाचा मुडदा पडला. एक पान तर उलटं छापलं. आणि पाळी म्हणजे बेवारशी कारभारही नव्हे. छापायचं की नाही, हे अखेरच्या घटकेला कुणीतरी एकानं ठरवावंच लागतं. बाहेरून शिव्या आल्या तर त्या संपादकानं खायच्या. शाबासकी आली तर ती मशीनपर्यंत पोचवायची. माझ्या लेखी नेतृत्व एवढंच.

थोडा इतिहास आठवा. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. त्याच वर्षी ते लंडनला गेले. १९२३ मध्ये पत्र बंद पडलं. १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'त रकानेच्या रकाने त्यांना एकट्याला लिहावे लागले. १९२९ मध्ये तेही थांबलं. पैशाची चणचण होतीच, पण हातही कमी होते. १९३० मध्ये 'जनता' निघालं. देवराव नाईक, भास्करराव कद्रेकर, गं. नी. सहस्रबुद्धे अशा अनेकांनी ते सांभाळलं. ते पंचवीस वर्षं टिकलं आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झालं. एवढा प्रचंड माणूस, पण त्यालाही पत्र चालवायला माणसं लागली. मग आपण कोण लागून गेलो?

आज तुमच्याकडे स्टेन्सिल नाही, मोबाइल आहे. म्हणून उतरंड मोडली काय? अंकाचा पासवर्ड एकाच्याच फोनमध्ये असेल, तर तीच ती खुर्ची. वस्तीतला पोरगा व्हिडिओ आणतो, आणि खाली नाव लागतं इंग्रजी येणाऱ्याचं. मुली अजून 'नियोजन' बघतात. नियोजन म्हणजे काय, ते तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही.

मी वसतिगृह सोडल्यावर आमचा अंक आणखी चार वर्षं चालला. तिसरा संपादक तो मशीनवाला होता. त्यानं माझा एक लेख साभार परत पाठवला. समासात लिहिलं होतं : 'दादा, हे तुमी सोता पायलं का?'

मी पाहिलं नव्हतं. मी बसनं त्या गावी गेलो, पाहून आलो आणि लेख पुन्हा लिहिला.

जयभीम.