आशियाच्या व्हॉलीबॉलपटू मुली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाने सभागृहात ठेवलेल्या व्याख्यानमालेतील एक भाषण. बोलण्यातला बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मंडळाने मला विषय निवडायची मोकळीक दिली, तेव्हा वहिनींना वाटलं असेल की मी योगासनांवर किंवा गुडघेदुखीवर बोलेन. पीटीच्या निवृत्त बाईंकडून लोकांची तीच अपेक्षा असते! पण मी आज व्हॉलीबॉलवर बोलणार आहे. त्यातही आशियातल्या मुलींच्या व्हॉलीबॉलवर. क्रिकेटच्या या देशात हा विषय जरा आडवळणाचा वाटेल, पण ऐका, गोष्ट चांगली आहे.

आशियाई महिला व्हॉलीबॉल अजिंक्यपद ही स्पर्धा 1975 साली सुरू झाली. पहिली स्पर्धा मेलबर्नला झाली आणि जपान जिंकलं. ऑस्ट्रेलिया आशियात कसं, असं विचारू नका, खेळांच्या नकाशात तसं असतं. तेव्हापासून 2007 पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षं, हा चषक दोनच घरांत फिरत राहिला. एक जपान, दुसरं चीन. दक्षिण कोरियाचा संघ इतका तगडा, पण त्यालाही तो कधी मिळाला नाही. आणि मग 2009 मध्ये हनोईला अंतिम सामन्यात थायलंडने चीनला 3-1 असं हरवलं. ते कसं घडलं हे सांगायचं तर आधी जपानच्या गिरणीत जावं लागेल.

हो, गिरणीतच. आपल्या सोसायटीत लालबाग-परळहून आलेली बरीच घरं आहेत, त्यांना हे लगेच कळेल. ओसाकाजवळ कैझुका नावाचं गाव आहे. तिथल्या निचिबो या सूतगिरणीचा मुलींचा व्हॉलीबॉल संघ होता. मुली सकाळी कामावर जायच्या आणि काम संपलं की सरावाला. तो सराव कित्येकदा मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालायचा. प्रशिक्षक होते हिरोबुमी दाइमात्सु. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यातून इम्फाळच्या मोहिमेवर आलेले, म्हणजे आपल्या मणिपूरच्या वेशीवर उपासमार आणि माघार पाहून परत गेलेले. मुलींना ते जसं वागवायचे ते आज कुठल्याही शाळेत चालणार नाही, आणि चालू नयेच. मी त्यांच्या त्या पद्धतीची भलामण करणार नाही.

पण त्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली. युरोपातल्या मुली उंच होत्या. महिलांच्या नेटची उंची 2.24 मीटर. नेटवर त्यांच्याशी हाणामारी करून जिंकणं कठीण. मग आपण काय करायचं? तर चेंडू जमिनीला लागूच द्यायचा नाही. त्यांनी मुलींना चेंडूसाठी सूर मारून, चेंडू उचलून, कोलांटी घेत त्याच वेगात परत उभं राहायला शिकवलं. आपल्या पलटणीतल्या मुली मॅट नसताना हे करायला बघतात आणि मग कोपरं सोलून घेतात, तीच ही कोलांटी.

1962 मध्ये मॉस्कोला जाऊन या मुलींनी सोव्हिएत संघाला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवलं. त्यानंतर बऱ्याच जणींना खेळ थांबवायचा होता. कारण ऐका, लग्नाचं वय उलटत चाललं होतं! पण 1964 मध्ये टोकियोत ऑलिम्पिक होणार, त्यात व्हॉलीबॉल पहिल्यांदाच येणार, म्हणून सगळ्या देशाने त्यांना थांबवून घेतलं. 23 ऑक्टोबर 1964 ला अंतिम सामना झाला, जपान विरुद्ध सोव्हिएत संघ. तेव्हा गेम 15 चा असायचा आणि आपली सर्व्हिस असेल तरच पॉइंट मिळायचा. पहिला गेम 15-11, दुसरा 15-8. तिसऱ्यात जपानला जिंकायला एकच पॉइंट हवा होता आणि तो काही केल्या मिळेना. समोरच्यांनी 13 पर्यंत आणलं. शेवटी सोव्हिएत खेळाडूचा हात नेटवरून पलीकडे गेला, शिट्टी वाजली आणि सामना संपला. त्या सामन्याचं टीव्हीवरचं प्रेक्षकप्रमाण 66.8 टक्के नोंदलं गेलं. कप्तान मासाए कासाई तेव्हा एकतीस वर्षांची होती. पुढे तिचं लग्न पंतप्रधान सातो यांच्या मध्यस्थीने जमलं. काकू हसताहेत, पण बघा ना, मुलीचं खेळणं आणि मुलीचं लग्न हे गणित जपानमध्येही तेच होतं.

याच ऑलिम्पिकमध्ये दक्षिण कोरियाच्या मुलींना एकही गेम जिंकता आला नाही. बारा वर्षांनी, 1976 मध्ये, माँट्रियलला त्याच देशाच्या मुलींनी कांस्यपदक घेतलं. बारा वर्षं हा आकडा लक्षात ठेवा, मी परत त्याच्याकडे येणार आहे.

चीनची कथा इथूनच फुटते. 1965 मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी याच दाइमात्सुंना बोलावून घेतलं आणि चिनी मुलींना महिनाभर शिकवायला लावलं. युद्धाच्या आठवणी ताज्या असताना! मधली काही वर्षं चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीची धामधूम होती, खेळ मागे पडला. पण 1981 मध्ये चीनच्या मुलींनी जपानला जाऊन विश्वचषक जिंकला. त्या संघात लांग पिंग होती, जिला तिकडे लोखंडी हातोडा म्हणतात. 1982 चं दिल्लीचं एशियाड आपल्यापैकी पन्नाशीच्या वरच्यांना आठवत असेल. अप्पू हत्ती, आणि शेजाऱ्यांकडे जाऊन पाहिलेला रंगीत टीव्ही. त्या एशियाडमध्ये महिला व्हॉलीबॉलचं सुवर्ण चीनने नेलं, रौप्य जपानने. लांग पिंग त्या संघात होती. म्हणजे जगातली सर्वोत्तम व्हॉलीबॉलपटू आपल्या राजधानीत येऊन खेळून गेली, आणि आपण अप्पूचे स्टिकर जमवत होतो.

लांग पिंगबद्दल फार बोलत नाही, नाहीतर जेवणाची वेळ होईल. एवढंच सांगते की 1984 मध्ये खेळाडू म्हणून तिने ऑलिम्पिक सुवर्ण मिळवलं आणि 2016 मध्ये रिओला प्रशिक्षक म्हणून परत मिळवलं. रिओत तिचा संघ साखळीत तीन सामने हरला होता. मग उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलला त्यांच्याच घरात 3-2 हरवलं आणि पुढे थांबलाच नाही.

आता थायलंड. माझा जीव या संघावर जास्त आहे, हे आधीच कबूल करते. थायलंडच्या मुली चिनी मुलींपुढे बुटक्या. त्यांची लिफ्टर नुतसारा तोमकोम उंचीला पाच फूट सात इंचांच्या आसपास. त्यात विशेष काय, आपल्या बी विंगमध्ये तेवढ्या उंचीच्या दोघी आहेत. पण नुतसाराच्या हातून चेंडू सुटला की समोरच्या ब्लॉकला कळायचं नाही तो कुठे जाणार. डावीकडे ओनुमा, मध्ये प्लूमजित, आणि कप्तान विलावन. चेंडू उंच उडवायचाच नाही; हातातून निघाला की लगेच मारायचा. ब्लॉकवाली उंच असली तरी तिला तिथे पोचायला वेळ तर हवा! तोच वेळ थाई मुली तिला देत नसत.

हे एका शिबिरात येत नाही. लिफ्टरने चेंडू टाकायच्या आधीच स्मॅशर उडालेली असते. म्हणजे जिथे अजून चेंडू नाही तिथे ती विश्वासाने उडते. स्वयंपाकघरात दोन जावा वर्षानुवर्षं एकत्र काम करतात, तेव्हा एकीने हात पुढे केला की दुसरी न बघता झारा देते, तसं हे. या मुली विशी गाठायच्या सुमारास एकत्र आल्या आणि पुढची दहा-बारा वर्षं एकत्रच राहिल्या. त्यातल्या अनेक जणी अझरबैजानच्या क्लबकडूनही एकत्र खेळल्या. प्रशिक्षक कियाट्टिपोंगही वर्षानुवर्षं तेच. गंमत म्हणजे त्यांनी लग्न केलं ते फंग कुनशी. ही फंग कुन चीनच्या 2004 च्या ऑलिम्पिक विजेत्या संघाची कप्तान, आणि तीसुद्धा लिफ्टरच. म्हणजे ज्यांना हरवायचं, तीच सासुरवाडी!

2009 नंतर 2013 मध्ये थायलंडने परत चषक घेतला, तोही आपल्या घरी, नाखोन रत्चासिमा गावी, जपानला 3-0 हरवून. मात्र ऑलिम्पिकने त्यांना कायम हुलकावणी दिली. 2016 च्या पात्रता स्पर्धेत टोकियोत जपानविरुद्ध पाचव्या गेममध्ये 12-6 अशी आघाडी होती. तीन पॉइंट हवे होते. तिथे खेळाडू बदलण्यावरून पंचांशी वाद झाला, लाल कार्डं निघाली, त्याचे पॉइंट जपानला गेले आणि गेम 13-15 असा हातचा गेला. मी तो सामना बघताना उठून गॅलरीत गेले होते. जानेवारी 2020 मध्ये घरच्याच मैदानावर दक्षिण कोरियाकडून हरल्या आणि टोकियो ऑलिम्पिकची वाटही बंद झाली. त्या सोनेरी पिढीतली एकही मुलगी ऑलिम्पिक खेळली नाही.

तरी पुढचं ऐका. 2021 मध्ये इटलीतल्या रिमिनीला नेशन्स लीग होती. जायच्या आधी थायलंडच्या संघात कोरोना शिरला, बहुतेक नव्या मुली बाधित झाल्या. तेव्हा नुतसारा, प्लूमजित, ओनुमा, विलावन, मलिका या तिशी ओलांडलेल्या बायका परत बॅगा भरून निघाल्या. तिथे त्या भरपूर सामने हरल्या. पण देशाची जागा रिकामी ठेवली नाही. आणि 2023 मध्ये त्याच नाखोन रत्चासिमाला नव्या मुलींनी अंतिम सामन्यात चीनला 3-2 हरवून तिसऱ्यांदा चषक घेतला. त्या स्पर्धेत व्हिएतनाम चौथं आलं, म्हणजे आता आणखी एक दार उघडतंय.

मग आपण कुठे आहोत, असं जोशीकाका मघाशी चहाच्या वेळी विचारत होते. काका, दक्षिण आशियात आपण पुढे आहोत. 2019 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत काठमांडूला नेपाळला पाच गेममध्ये हरवून आपल्या मुलींनी सुवर्ण आणलं. पण मोठ्या आशियात गेलो की पहिल्या चारांत आपलं नाव नसतं. केरळमध्ये हा खेळ गावागावांत आहे, रेल्वे मुलींना नोकरी देते, म्हणून आपला संघ उभा तरी राहतो. बाकी ठिकाणी काय होतं ते मी शाळेत एकतीस वर्षं बघितलं. पाचवीत पन्नास मुली मैदानावर. आठवीत तीस. नववी संपते, सुट्टीतच दहावीचा क्लास लागतो, आणि जूनमध्ये नेटच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा जणी भरत नाहीत. बारा वर्षं सोडा, आपण मुलींना सलग चार वर्षं एकत्र खेळू देत नाही. उंचीचं कारण सांगतो आणि मोकळे होतो.

मी कुणाला दोष देत नाही. मार्क लागतात, नोकरी लागते, हे मलाही कळतं. माझी मागणी छोटी आहे. आपल्या पलटणीत यंदा चार मुली दहावीत जाताहेत. त्यातली एक लिफ्टर आहे, आणि तिच्याबरोबरच्या तिघी गेली तीन वर्षं तिच्याच हातचा चेंडू मारताहेत. त्या चौघींच्या घरच्यांना माझी विनंती आहे की आठवड्यातले दोन दिवस, एकेक तास, त्यांना खाली सोडा. क्लासची वेळ मला कळवा, मी सरावाची वेळ बदलेन. सकाळी सहा म्हणालात तर सकाळी सहा. मागच्या मोकळ्या जागेत पार्किंग करायचं की नाही हा विषय सर्वसाधारण सभेचा आहे, तो मी इथे काढत नाही. सेक्रेटरीसाहेब, घाबरू नका!

प्रश्न विचारायला वेळ ठेवला आहे म्हणून आवरते. एक चिठ्ठी आत्ताच आली आहे, अक्षरावरून सहावी-सातवीतली वाटते. "बाई, मी बुटकी आहे, मी काय खेळू?" बाळ, 1998 पासून व्हॉलीबॉलमध्ये लिबेरो म्हणून एक जागा आहे. तिचा शर्ट वेगळ्या रंगाचा असतो. तिने स्मॅश मारायचा नाही, ब्लॉक करायचा नाही, फक्त चेंडू खाली पडू द्यायचा नाही. उद्या सहाला ये. गुडघ्याला पट्टा बांधून ये, आणि आईला सांगून ये.